कॉफीत धुतलेला इन्फ्रारेड रोल धुरकट येतोय? आधी त्याची कड बघा

रोल हायपोतून, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणातून, काढून खिडकीसमोर धरला की काचेसारख्या स्वच्छ पट्टीवर चित्रं दिसायला हवीत. त्याऐवजी पूर्ण पट्टीवर राखाडी-तपकिरी धूर पसरलेला असतो आणि चित्रं त्यात बुडालेली असतात. घरगुती कॉफी डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या द्रावणात) इन्फ्रारेड रोल, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाशही टिपणारा कृष्णधवल रोल, धुणाऱ्या प्रत्येकाला हा दोष कधी ना कधी भेटतोच. माझ्या स्वतःच्या रोलांवर आणि मित्रांनी आणून दिलेल्या रोलांवर मी तो इतक्यांदा निस्तरला आहे की तपासण्याचा क्रम आता ठरून गेला आहे. तोच इथे देतो.

आधी कृती, म्हणजे पुढचं बोलणं एकाच गोष्टीबद्दल राहील. एक लिटर पाण्याला निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम आणि पोटॅशियम ब्रोमाइड १ ग्रॅम. तापमान २० अंश, वेळ १५ मिनिटं. ब्रोमाइडसकट केलेल्या या मिश्रणाला कॅफेनॉल-सी-एच म्हणतात, ब्रोमाइड वगळलं की ते सी-एम. मूळ कल्पना १९९५ सालची, अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या फोटोरसायनांच्या वर्गातली. व्हिटॅमिन सीची भर नंतर पडली. यात कॅफीनचं काहीच काम नसतं. रोल धुतं ते कॉफीतलं कॅफेइक आम्ल, आणि त्याला जागं करायला सोड्याचा अल्कलीपणा लागतो.

लक्षणं

धूर सगळीकडे सारखा आहे, दोन चित्रांमधल्या मोकळ्या पट्टीत आणि भोकांच्या कडेलाही आहे: दोष रसायनात, तापमानात किंवा जुन्या झालेल्या रोलमध्ये.

पहिल्या तीन-चार चित्रांवरच धूर आहे, पुढे पट्टी साफ होत जाते: रोल भरताना प्रकाश शिरला.

एकाच कडेला, ठरावीक अंतराने येणारे काळे डाग: बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या आतला इन्फ्रारेड दिवा.

भोकांपासून आत शिरणाऱ्या काळ्या रेघा: रोल धुण्याची बंद टाकी फार जोरात हलवली गेली.

धूर दुधासारखा आहे, पट्टी तिरकी धरली की साय आल्यासारखी दिसते: हायपो कमी पडला.

पट्टी स्वच्छ आहे पण चित्रं जेमतेम दिसतात. हा धूर नव्हेच, पण लोक दोन्ही तक्रारी एकत्र सांगतात म्हणून इथे घेतो. अशा वेळी रोलचा लीडर, म्हणजे भरताना बाहेर असलेला तुकडा बघायचा. तो उजेडात पूर्ण भाजलेला असल्यामुळे काळाकुट्ट निघायला हवा. लीडर काळा आणि चित्रं पातळ असतील तर डेव्हलपर ठीक आहे, फोटो काढतानाच प्रकाश कमी पडला. लीडरसुद्धा फिका असेल तर डेव्हलपर कमजोर.

हलकी तपकिरी झाक मात्र दोष मानू नका. कॉफीचा डाग थोडा राहतोच. त्यातून चित्र स्पष्ट दिसत असेल तर स्कॅन आणि प्रिंट दोन्ही व्यवस्थित होतात.

फुकटातल्या तपासण्या

सगळ्यात आधी रोल पुन्हा हायपोत टाका. हे दिव्याखाली केलं तरी चालतं आणि यात रोलचं काहीच बिघडत नाही. ताज्या हायपोत पाच-सात मिनिटं ठेवून बघा. साय निघून गेली तर प्रश्न तिथेच मिटला. मित्रांनी “कॉफीने रोल घालवला” म्हणून आणलेल्यांपैकी बरेच रोल असेच वाचले आहेत. पुढच्या वेळेसाठी एक सवय लावून घ्या. लीडरच्या कापलेल्या तुकड्यावर हायपोचा एक थेंब ठेवा, अर्धा मिनिट थांबा आणि मग सगळा तुकडा हायपोत बुडवा. थेंबाची जागा आणि बाकीचा तुकडा सारखाच पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल, त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्यायचा. हा वेळ फार लांबायला लागला की हायपो संपला असं समजा. कॉफी आणि हायपो यांच्यामध्ये तीन-चारदा साध्या पाण्याने टाकी विसळा. व्हिनेगरसारखं आम्ल वापरलं तर सोड्याशी गाठ पडून बुडबुडे उठतात, म्हणून मी ते टाळतो.

मग रोलची कड वाचा. चित्राच्या आत काय झालं ते नंतर बघू. भोकांची पट्टी आणि दोन चित्रांमधली जागा लेन्ससमोर कधी येतच नाही, त्यामुळे तिथे धूर दिसला तर एक्स्पोजरचा संबंध संपला. फोनचा पांढरा स्क्रीन पूर्ण उजळ करून त्यावर पट्टी ठेवा आणि धूर सारखा आहे की डागाडागांनी, कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे कागदावर लिहून घ्या. ही पाच मिनिटं न देता लोक थेट कॉफीचा ब्रँड बदलतात, मग सोडा, मग वेळ. तीन गोष्टी एकदम बदलल्यावर कोणती लागू पडली हे कधीच कळत नाही.

स्वयंपाकघरातले डबे

आता सोडा. माझ्या अनुभवात फसलेल्या रोलांमागचं सर्वात मोठं कारण हेच, म्हणून इथे जरा थांबतो.

खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. खाण्याच्या सोड्यात डेव्हलपर जवळजवळ झोपून राहतो आणि चित्रं फिकी येतात. मग माणूस वेळ दुप्पट करतो, आणि धूर वाढतो. धुण्याच्या सोड्यातही प्रकार आहेत. बाजारात पारदर्शक खडे मिळतात, त्यांत वजनाच्या मानाने पाणीच जास्त असतं. पावडर निर्जल असू शकते किंवा थोडं पाणी धरलेली. ५४ ग्रॅम निर्जल सोड्याचं काम करायला थोडं पाणी धरलेली पावडर ६३ ग्रॅम लागते, आणि खडे तब्बल १४६ ग्रॅम. खडे घेऊन ५४ ग्रॅमच टाकले तर सोडा जवळपास एक तृतीयांशावर येतो.

आपल्याकडे कोणता सोडा आहे हे घरीच कळतं. १०० ग्रॅम घ्या आणि स्टीलच्या किंवा लोखंडी तव्यावर मंद आचेवर तासभर परता. ॲल्युमिनियमचं भांडं नको, सोडा ते खातो. खडे असतील तर ते आधी स्वतःच्याच पाण्यात विरघळतात आणि उडतात, म्हणून चेहरा लांब ठेवा आणि चष्मा घाला. थंड झाल्यावर वजन करा. साधारण १०० ग्रॅमच राहिलं तर सोडा निर्जल होता, ८५ राहिलं तर थोडं पाणी धरलेला, ३७ राहिलं तर खडे. आणि ६३ च्या आसपास आलं तर तो खाण्याचा सोडा होता. मजा अशी की आता तो धुण्याचा सोडा झाला आहे आणि वापरायलाही चालेल. पावसाळ्यात उघडी राहिलेली निर्जल पावडर हवेतलं पाणी ओढून घेते, तेव्हा डबा घट्ट झाकणाचाच हवा. धुण्याची सुगंधी पावडर मात्र कधीच नको, तिच्यात सोड्याखेरीज बरंच काही असतं.

कॉफीच्या बरणीवरचं बारीक अक्षर वाचा. आपल्याकडच्या कित्येक इन्स्टंट कॉफ्यांमध्ये चिकोरी असते आणि तिचं प्रमाण लेबलवर छापलेलं असतं. तीस टक्के चिकोरी असेल तर ४० ग्रॅममध्ये कॉफी २८ ग्रॅमच. शंभर टक्के कॉफीच घ्या, आणि स्वस्तातली घ्या. स्वस्त कॉफीत रोबस्टाचा वाटा जास्त असतो आणि ज्या क्लोरोजेनिक आम्लापासून आपल्याला हवं ते कॅफेइक आम्ल मिळतं, ते रोबस्टात अरेबिकापेक्षा अधिक असतं. महागडी, सुवासिक अरेबिका पिण्यासाठी ठेवा.

व्हिटॅमिन सी शुद्ध पावडरच हवं. चघळायच्या संत्र्याच्या गोळ्यांत साखर, रंग आणि सोडियम ॲस्कॉर्बेट असतं. ॲस्कॉर्बेट सोड्याला शमवत नाही, त्यामुळे मिश्रण हवं त्यापेक्षा तिखट राहतं, आणि तिखट मिश्रण म्हणजे धुराला आमंत्रण.

विरघळवण्याचा क्रम: आधी सोडा पूर्ण स्वच्छ होईपर्यंत, मग व्हिटॅमिन सी (फसफसेल, घाबरू नका), शेवटी कॉफी. मलमलच्या कपड्यातून गाळा, फेस बसायला पाचेक मिनिटं द्या आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा. सकाळी कालवलेलं मिश्रण संध्याकाळी कामाचं नसतं.

वापरण्याआधी लीडरचा कापलेला तुकडा भर उजेडात या मिश्रणात धरा. एक-दोन मिनिटांत तो स्पष्ट काळवंडायला लागला पाहिजे. पाच मिनिटांनीही फिकाच असेल तर हे मिश्रण रोलला लावू नका. पाच सेंटिमीटरच्या तुकड्यावर सगळा रोल वाचतो.

पाणी आणि ऊन

कृतीतलं २० अंश तापमान थंड देशांत लिहिलं गेलं आहे. पुण्यात एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी तीस अंशांच्या वर असतं, आणि मुंबईत तर नळाचं पाणी बाराही महिने कोमटच. गरम डेव्हलपर आधी प्रकाश पडलेले कण काळे करतो आणि लगेच न पडलेल्यांकडेही वळतो. तोच धूर.

एक गोष्ट सहसा सुटते. निर्जल सोडा पाण्यात विरघळताना उष्णता सोडतो. एवढ्या प्रमाणात पाणी दोन-तीन अंशांनी वर चढतं. पाणी आधी मोजून २० अंशांवर आणलं, मग सोडा टाकला, आणि प्रत्यक्षात रोल २३ अंशांत धुतला, असं होतं. थर्मामीटर सगळं विरघळल्यावर, टाकीत ओतायच्या अगदी आधी बुडवा.

थंड करायला मला माठ सर्वात सोपा वाटतो. रात्रभर माठात ठेवलेलं पाणी पहाटे वापरायला घ्यायचं आणि टाकी एका मोठ्या पातेल्यात त्याच पाण्यात उभी ठेवायची. उरलेलं बर्फाच्या पिशवीने भागतं. पिशवी बंद हवी, बर्फ वितळून डेव्हलपर पातळ व्हायला नको. २० अंश साधलंच नाही तर मी २४ अंशांवर ११ मिनिटं धुतो. २६ च्या वर असेल तर धुतच नाही, रोल फ्रिजमध्ये परत ठेवतो आणि पहाटेची वाट बघतो. तासाभराहून जास्त वेळ टाकी न हलवता ठेवण्याची पातळ कृतीही आहे, पण आपल्या उन्हाळ्यात इन्फ्रारेड रोलसाठी ती मी कुणालाच सुचवणार नाही. तेवढ्या वेळात मिश्रण खोलीच्या तापमानाला येतं.

बोअरवेलचं पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम सोड्याशी मिळून पांढरा गाळ होतो आणि रोलवर खडूसारखे ठिपके बसतात. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या, निदान डेव्हलपर आणि शेवटच्या विसळणीसाठी तरी.

टाकी पहिल्या मिनिटाला दहादा सावकाश उलटी-सुलटी करा, नंतर दर मिनिटाला तीनदा. दर वेळी ओट्यावर हलकेच आपटा, बुडबुडे निघून जातात.

ब्रोमाइड

इथपर्यंत सगळं बरोबर असेल आणि धूर सगळीकडे सारखा असेल तर ब्रोमाइडकडे या. कॅफेनॉल-सी-एम मंद, म्हणजे प्रकाशाला कमी संवेदनशील रोलांना चालतं, पण वेगवान रोल त्यात धुरकटतात आणि ४०० आयएसओ वेगाचा इन्फ्रारेड रोल हमखास. ब्रोमाइड प्रकाश न पडलेल्या कणांना थोपवून धरतं. एक ग्रॅम मोजणं स्वयंपाकघरातल्या काट्यावर शक्य नाही, म्हणून १० ग्रॅम ब्रोमाइड पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण करून ठेवा आणि लिटरला त्यातले १० मिलिलिटर घाला. धूर राहिलाच तर १५ मिलिलिटरपर्यंत जा. त्यापुढे सावल्यांतला तपशील मरायला लागतो. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर किंवा तुमच्या गावात प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात ते मिळतं. बाटलीवर ठळक नाव लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, स्वयंपाकघरात नको.

दोष रोलचा की कॉफीचा?

यासाठी रोलचा थोडा बळी द्यावा लागतो. काळोखात नव्या रोलचे, लीडरच्या पलीकडचे, पाच-पाच सेंटिमीटरचे तीन तुकडे कापा. पहिला थेट हायपोत. दुसरा कॉफीत पूर्ण वेळ, मग हायपोत. तिसरा डी-७६ सारख्या नेहमीच्या डेव्हलपरमध्ये, मग हायपोत. तिन्ही सुकवून पांढऱ्या स्क्रीनवर शेजारी ठेवा.

पहिला तुकडा रोलचा मूळ पाया दाखवतो, याहून स्वच्छ काही मिळणार नाही. दुसरा काळपट आणि तिसरा साफ असेल तर दोष कॉफीचा, वर जाऊन सोडा, तापमान आणि ब्रोमाइड पुन्हा तपासा. दुसरा आणि तिसरा दोन्ही काळपट असतील तर रोल आधीच बिघडलेला आहे: मुदत संपलेला, उन्हात तापलेला किंवा प्रकाश लागलेला. अशा रोलसाठी कॉफीची कृती कितीही घासूनपुसून घेतली तरी उपयोग नाही. दोन्ही साफ असतील आणि तरीही तुमचे रोल धुरकट येत असतील, तर उरतात कॅमेरा आणि रोल भरण्याची पद्धत. पुढच्या रोलमध्ये मधली दोन चित्रं लेन्सला झाकण लावून काढा. ती साफ निघायला हवीत.

रोल भरताना आणि कॅमेऱ्यात

इन्फ्रारेडला प्रतिसाद देणाऱ्या रोलांपैकी रोलाई इन्फ्रारेड ४०० सुमारे ८२० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत बघतो, इलफोर्ड एसएफएक्स २०० सुमारे ७४० पर्यंत. रोलाईची पट्टी पारदर्शक पॉलिएस्टरची आहे. लीडरवर पडलेला उजेड तिच्यातून नळीतल्या पाण्यासारखा आत डबीपर्यंत वाहतो. पहिली तीन-चार चित्रं जातात ती अशी. रोल अंधाऱ्या खोलीत भरा आणि अंधारातच काढा, मधल्या वेळात काळ्या डबीत ठेवा. फ्रिजमधून काढल्यावर डबी दोन-तीन तास उघडू नका, विशेषतः पावसाळ्यात, नाहीतर पट्टीवर दव धरतं.

काळं दिसणारं सगळंच इन्फ्रारेडला काळं नसतं. काही काळी कापडं आणि प्लास्टिकं त्याला आरपार जाऊ देतात. चेंजिंग बॅगचा (उजेडात रोल भरायच्या काळ्या पिशवीचा) संशय असेल तर रात्री बिनखिडकीच्या खोलीत भरून बघा. कॅमेऱ्याच्या पाठीवर रोलचं नाव दिसायला छोटी खिडकी असेल तर तिच्यावर ॲल्युमिनियमची फॉइल लावून वर टेप चिकटवा. हातातलं स्मार्ट घड्याळ काढून ठेवा, त्याचा हिरवा दिवा रोलला व्यवस्थित दिसतो. काही स्वयंचलित कॅमेरे रोलची भोकं मोजायला आतमध्ये इन्फ्रारेड दिवा वापरतात. त्यांना इलाज नाही, जुना हाताने गुंडाळायचा कॅमेरा घ्या.

चित्रं पातळ असतील तर फिल्टर आठवा. आर-७२ हा जवळजवळ फक्त इन्फ्रारेडच आत सोडणारा फिल्टर लावल्यावर ४०० चा रोल मी १२ आयएसओचा धरून मोजतो. स्वच्छ उन्हात एफ ८ ला साधारण १/६० सेकंद, आणि सोबत ६ व ३ धरून आणखी दोन चित्रं. फिल्टरमागून कॅमेऱ्याच्या मीटरवर विसंबू नका, त्याची नजर आणि रोलची नजर वेगळी असते. ७९५ नॅनोमीटरच्या आसपासचा गडद फिल्टर एसएफएक्सवर लावला तर रोल कोराच निघेल, कारण त्या फिल्टरमधून जे येतं ते या रोलला दिसतच नाही.

वाईजवळ मेणवलीच्या घाटावर मी ऑक्टोबरमध्ये आणि मे महिन्यात, एकाच रोलप्रकाराने चित्रं काढली आहेत. ऑक्टोबरात झाडं चांदीसारखी पांढरी आणि कृष्णेचं पाणी काळंशार. मे महिन्यात वाळलेल्या गवताला ती चमक नव्हती. हिरवं, पाण्याने भरलेलं पान इन्फ्रारेड परतवतं. तेव्हा झाडं पांढरी आली नाहीत म्हणून डेव्हलपरला दोष देण्याआधी ऋतू आणि आभाळ बघा. ढगाळ दिवशीही उठाव येत नाही. आणि जुन्या चित्रांतली ती झाडांभोवतीची धूसर प्रभा शोधत असाल, तर ती कोडॅकच्या एचआयई रोलची होती. त्याला मागे प्रकाश शोषणारा थर नव्हता. तो २००७ साली बंद झाला. आजच्या रोलांत ती प्रभा नसते, आणि तो दोष नाही.

इथे थांबा, जाणकाराकडे जा

झाकण लावून काढलेली चित्रंही धुरकट निघाली आणि डाग दर वेळी त्याच जागी येत असेल, तर कॅमेऱ्यातून प्रकाश गळतो आहे. मागच्या दाराच्या खाचेतला फोम दमट हवेत कुजून चिकट होतो. तो बदलणं कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याचं छोटं काम आहे. शटरच्या पडद्याला भोक असेल तर स्वतः हात लावू नका.

रोल कॅमेऱ्यात अडकला तर दार उघडू नका. तसाच कॅमेरा काळोखात उघडणाऱ्या माणसाकडे द्या.

सोडा किंवा डेव्हलपर डोळ्यात उडाला तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि डॉक्टरकडे जा, बरं वाटलं तरी जा.

पुन्हा काढता येणार नाहीत अशी चित्रं, म्हणजे कुणाचं लग्न किंवा दूरच्या प्रवासातले दिवस, रोलवर असतील तर तो रोल कॉफीत धुवू नका. मीही धुत नाही. कृष्णधवल रोल हाताने, टाकीत धुणाऱ्या लॅबमध्ये द्या. रंगीत रोलच्या यंत्रात तो जाता कामा नये. तिथलं रसायन वेगळं असतं, शिवाय अशा काही यंत्रांत इन्फ्रारेड सेन्सर असतात. डबीवर जाड मार्करने लिहा: “इन्फ्रारेड, कृष्णधवल, पूर्ण काळोखातच उघडा, यंत्रात घालू नका”, आणि रोल घेणाऱ्याला ते तोंडीही सांगा.